अक्कलदाढ काढली, आता तिच्या पुढच्या दाढेकडे बघा

अक्कलदाढ काढून वर्ष-दीड वर्ष झालं की काही जण परत दवाखान्यात येतात. काढलेल्या जागेबद्दल त्यांची तक्रार नसते, तिच्या पुढच्या दाढेबद्दल असते. थंड पाणी लागलं की सळक जाते, घास मागे अडकून बसतो, सकाळी तोंडाला वास येतो. एक्स-रे काढला तर त्या दाढेच्या मागच्या बाजूचं हाड खाली उतरलेलं दिसतं. मग प्रश्न येतो, "दाढ काढताना हाड जास्त कापलं गेलं का?" तसंही कधी कधी होतं. पण पुष्कळांच्या बाबतीत ते हाड दाढ काढण्याच्या आधीच गेलेलं असतं. ते कोणी मोजलेलं नसतं, पेशंटला कोणी सांगितलेलं नसतं, आणि नंतर ती जागा कशी सांभाळायची हेही शिकवलेलं नसतं. या तिन्ही गोष्टी टाळता येण्यासारख्या आहेत.

तुमच्या एक्स-रेवर किंवा चिठ्ठीवर ३८, ४८ असे आकडे असतील. खालच्या डाव्या अक्कलदाढेचा क्रमांक ३८, उजवीचा ४८. वरची उजवी १८ आणि वरची डावी २८. त्यांच्या पुढच्या दाढा म्हणजे ३७, ४७, १७ आणि २७. समोरच्या मधल्या दातापासून मोजत गेलं तर ही दाढ सातवी येते, म्हणून इथे तिला सातवीच म्हणू. हाडाचा त्रास सगळ्यांत जास्त होतो तो खालच्या दोन सातव्यांना, ३७ आणि ४७ यांना. आपण चावतो ते मुख्यतः सहाव्या आणि सातव्या दाढेवर. अक्कलदाढ गेली तर जेवणाचं फारसं काही अडत नाही, पण सातवी गेली की भाकरी चावताना रोज आठवण होते.

अक्कलदाढ साधारण सतराव्या वर्षापासून पंचविशीपर्यंत वर येते. जबड्यात जागा कमी पडली की ती पुढे कलते, कधी पूर्ण आडवी होते, आणि तिचा माथा सातवीच्या मुळाला जाऊन टेकतो. एरवी दोन दाढांच्या मध्ये हाड असतं. इथे त्या हाडाला जागाच उरत नाही. त्यात दाढ अर्धीच वर आली असेल तर तिच्यावर हिरडीची झापड राहते. झापडीखाली अन्न साचतं, जंतू वाढतात, ब्रश तिथे पोहोचत नाही. अशी सूज वर्षानुवर्षं राहिली की सातवीच्या मुळाला धरून असलेलं उरलंसुरलं हाडही झिजतं. भिंतीला टेकवून ठेवलेलं पोतं पावसाळाभर ओल धरून बसलं आणि दिवाळीत उचललं की मागे पोपडे दिसतात. ते पोपडे पोतं उचलल्यामुळे आलेले नसतात, इथेही बरंचसं तसंच असतं.

शस्त्रक्रियेचा काही वाटा असतो हेही खरं आहे. हिरडी उचलावी लागते, दाढेभोवतीचं थोडं हाड कोरावं लागतं, कधी दाढेचे तुकडे करावे लागतात. हात सराईत असला तर सातवीला चिकटलेलं हाड शक्य तितकं राखलं जातं. तरी खड्डा भरून येताना तिच्या मागे हाड किती उंचीपर्यंत चढेल हे ठरतं ते त्या मुळाचा पृष्ठभाग स्वच्छ आहे का, आधीचा खळगा किती खोल होता आणि माणसाचं वय काय, यावर.

वयाचा मुद्दा मोठा आहे. स्वीडनमध्ये कुगेलबर्ग आणि सहकाऱ्यांनी खालच्या अक्कलदाढा काढलेल्या २१५ ठिकाणांचा दोन वर्षांनंतर मागोवा घेतला. तो अभ्यास १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे ४३ टक्के ठिकाणी सातवीच्या मागे ७ मिलिमीटर किंवा त्याहून खोल पॉकेट (हिरडी आणि दात यांच्या मधली खोलावलेली फट) होतं आणि सुमारे ३२ टक्के ठिकाणी हाडात ४ मिलिमीटर किंवा त्याहून खोल खळगा. त्यांच्याच पुढच्या कामात पंचविशीच्या आतल्यांची जागा त्यापेक्षा मोठ्या वयाच्या लोकांपेक्षा ठळकपणे बरी भरून आली. हे आकडे घाबरवण्यासाठी देत नाही. शस्त्रक्रियेआधी सातवीच्या मागच्या बाजूकडे नीट बघायला हवं, एवढं त्यातून दिसतं. विशी-बाविशीत, हिरडी निरोगी असताना काढलेल्या दाढेच्या मागे बहुतेकांना काहीच त्रास उरत नाही.

मग सरसकट सगळ्यांच्या अक्कलदाढा विशीतच काढून टाकाव्यात का? नाही. ब्रिटनमध्ये नाइस या शासकीय मार्गदर्शक संस्थेने २००० साली स्पष्ट सांगितलं की कोणताही आजार नसलेल्या, अडकलेल्या अक्कलदाढा केवळ खबरदारी म्हणून काढू नयेत. शस्त्रक्रियेत जबड्यातल्या नसेला धक्का लागून खालचा ओठ किंवा जीभ बधिर होण्याची जोखीम असते, ती विनाकारण का घ्यायची? पूर्ण हाडात गाडलेली, खोल, शांत दाढ असेल आणि सातवीच्या मागे पॉकेट नसेल, तर तिला तिथेच राहू द्यावं आणि वेळोवेळी तपासावं. पण दाढ पुढे कललेली आहे, तिचं थोडं टोक तोंडात डोकावतं आहे, हिरडी दोन-तीनदा सुजून गेली आहे, किंवा सातवीच्या मागे पॉकेट अथवा कीड दिसते आहे, अशा वेळी "सध्या दुखत नाही" या कारणावर पुढे ढकलत राहणं महागात पडतं. हाड झिजताना दुखत नाही. तिशी-पस्तिशीत ठणका लागून दाढ काढायची वेळ येते, तोवर सातवीच्या मागचं निम्मं हाड गेलेलं असू शकतं.

म्हणून काढण्याआधीची तपासणी महत्त्वाची. पेशंट स्वतःहून ती मागू शकतो, त्यात संकोच वाटायचं कारण नाही.

हिरडी आणि दात यांच्यामध्ये एक बारीक फट असते. निरोगी तोंडात तिची खोली १ ते ३ मिलिमीटर. ती मोजायला प्रोब नावाची बोथट टोकाची, मिलिमीटरच्या खुणा असलेली सळई असते. डॉक्टर ती सातवीच्या मागच्या बाजूला, मुळाला समांतर धरून अलगद खाली सोडतात. जोर लावायचा नसतो, सळईच्या वजनाएवढाच दाब पुरतो. गालाच्या बाजूचा कोपरा, मग जिभेच्या बाजूचा कोपरा. असिस्टंटला आकडे सांगितले जातात, "चार... सात." सळई बाहेर आल्यावर हिरडीच्या कडेला रक्ताचा ठिपका उमटला का, तेही बघितलं जातं. मिनिटभराचं काम आहे. ४ आला तर लक्ष ठेवायचं, ५-६ च्या पुढे गेला आणि रक्त आलं तर तिथे आजार आहे. हे आकडे तारखेसकट केसपेपरवर लिहून घ्या. नंतर कधी "आधी किती होतं?" हा प्रश्न निघाला तर उत्तर देणारा पुरावा एवढाच असतो. अर्धवट वर आलेल्या दाढेमुळे कधी प्रोब नीट बसत नाही. मग एक्स-रेवर जास्त भिस्त ठेवावी लागते.

एक्स-रेचंही तसंच. पूर्ण जबड्याचा मोठा एक्स-रे, म्हणजे ओपीजी, दाढ कशी कलली आहे आणि नस किती जवळ आहे हे दाखवतो. सातवीच्या मागच्या हाडाची कड मात्र त्यात बऱ्याचदा धूसर येते. त्यासाठी त्या दोन दाढांचा छोटा एक्स-रे वेगळा काढलेला बरा. हाडाची कड एनॅमल संपतं तिथून साधारण २ मिलिमीटर खाली असेल तर ठीक. तिथून खाली मुळाच्या कडेने काळी पाचर उतरलेली दिसली तर हाड आधीच गेलेलं आहे. मूळ नसेला अगदी चिकटून असेल तर सीबीसीटी हा त्रिमितीय एक्स-रे लागतो. कधी कधी तेव्हा दाढेचा फक्त माथा काढून मुळं आतच ठेवायचा पर्यायही सुचवतात.

शस्त्रक्रिया ठरली की डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा. सातवीच्या मागे आत्ता किती हाड आहे? दाढ निघाल्यावर सातवीचं मागचं मूळ साफ करणार ना? आणि माझ्या बाबतीत खळग्यात हाडाची पावडर भरायची गरज आहे का?

दुसरा प्रश्न क्षुल्लक वाटेल, तसा तो नाही. दाढ निघाल्यावर सातवीची मागची बाजू क्षणभर उघडी पडते. पुन्हा कधी ती इतकी समोर येणार नाही. वर्षानुवर्षांचं कीटण तिथे चिकटलेलं असतं. त्याच वेळी ते खरवडून मूळ गुळगुळीत केलं तर हिरडी आणि हाड त्याला धरायची शक्यता वाढते. ते तसंच ठेवून टाके घातले तर पॉकेट आपल्या हातांनी आत बंद केल्यासारखं होतं.

तिसऱ्या प्रश्नाबद्दल माझं मत स्पष्ट आहे. हाडाची पावडर, ती झाकणारा पडदा, किंवा पेशंटच्याच रक्तापासून बनवलेला पीआरएफ हे सगळ्यांना लागत नाही आणि प्रत्येकाला सुचवणंही बरोबर नाही. वय पंचविशीच्या पुढे, दाढ पुढे कललेली किंवा आडवी, आणि सातवीच्या मागे खोल खळगा आधीच असलेला, अशा पेशंटला त्याचा उपयोग होऊ शकतो. वीस वर्षांच्या, हिरडी चांगली असलेल्या मुलीला त्याची गरज नाही, तिचा खड्डा स्वतःच भरतो. पावडर भरायचं ठरलं तर ती कशाची आहे हे आधी विचारून घ्या. काही पावडरी गाईच्या हाडापासून प्रक्रिया करून बनतात, काही मानवी दात्याच्या हाडापासून, काही कृत्रिम असतात. अनेक कुटुंबांना हे आधी कळायला हवं असतं. ते सांगणं डॉक्टरांचं काम आहे आणि विचारणं तुमचा हक्क आहे.

दाढ काढल्यानंतरच्या पहिल्या आठवड्याच्या सूचना बहुतेकांना पाठ असतात. पहिले २४ तास थुंकायचं नाही, चूळ भरायची नाही, स्ट्रॉ लावायचा नाही. आइस्क्रीम, गार दूध, मऊ भात चालतो. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याने हलकी चूळ भरायची, सिगारेट आणि तंबाखू पूर्ण बंद. रक्ताची गुठळी टिकली तर पुढचं सगळं नीट होतं. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी कानापर्यंत जाणारी असह्य कळ सुरू झाली तर गुठळी निघून हाड उघडं पडलेलं असू शकतं. गोळ्या खात बसू नका, दवाखान्यात जा. सूज तिसऱ्या दिवसानंतर उतरायच्या ऐवजी वाढली, ताप आला, तोंड उघडेना किंवा गिळताना त्रास झाला, तरी तेच करा.

सूचनांचा कागद इथेच संपतो. सातवीची खरी काळजी मात्र यानंतर सुरू होते.

हिरडी वरून मिटायला तीन ते सहा आठवडे लागतात. तिथे उरलेला खळगा बुजायला काही महिने जातात. हाड तयार होऊन एक्स-रेवर पांढरं दिसायला चार ते सहा महिने लागतात, पुढे वर्षभर ते घडत राहतं. म्हणून महिन्याभरात दुसऱ्या कारणासाठी एक्स-रे काढला आणि सातवीच्या मागे काळी जागा दिसली तर हाड गेलं असा निष्कर्ष काढू नका. नवं हाड तोवर एक्स-रेवर उमटतच नाही. सातवी पहिले काही आठवडे किंचित हलल्यासारखी वाटते, तिला थंड लागतं, चावताना बोचतं, यातलं बरंचसं आपोआप कमी होतं. सळक जास्त असेल तर सेन्सिटिव्ह दातांची पेस्ट रात्री बोटाने त्या जागी लावून ठेवावी.

या काळात बहुतेक जण एक चूक करतात. दुखेल या भीतीने त्या बाजूला ब्रशच नेत नाहीत, आणि पुढे ती सवय होते. सातवी आता शेवटची दाढ आहे, तिची मागची बाजू उघडी आहे आणि तिथे रोज थर साचतो. पहिल्या आठवड्यात क्लोरहेक्सिडिनचा माउथवॉश दिवसातून दोनदा, डॉक्टर सांगतील तितके दिवस वापरावा. महिनोन्महिने नको, दात काळपट पडतात, चव बदलते. टाके निघाले की मऊ ब्रश सुरू करायचा. खळग्यात घास अडकत असेल तर दवाखान्यातून वाकड्या टोकाची सिरिंज मागून घ्या आणि जेवणानंतर कोमट पाण्याने तो धुवा. टोक खळग्याच्या तोंडाशी ठेवायचं, आत खुपसायचं नाही.

महिन्यानंतरची पद्धत अशी. मेडिकलमध्ये एकाच छोट्या झुपक्याचा ब्रश मिळतो, सिंगल टफ्ट म्हणून मागा. साधा ब्रश सातवीच्या मागे वळत नाही, त्याचं डोकं मोठं पडतं. आरशासमोर उभे राहा आणि तोंड पूर्ण न उघडता अर्धंच उघडा. फार मोठा आ केला की गाल ताणला जातो आणि ब्रशला जागा उरत नाही. झुपका सातवीच्या चावायच्या पृष्ठभागावरून मागे सरकवा. दाढ संपून हिरडी लागली की तिथेच थांबा आणि झुपका हिरडीच्या कडेवर टेकवून छोटे गोल फिरवा. गालाकडच्या कोपऱ्यातून जिभेकडच्या कोपऱ्यापर्यंत, मनात दहा मोजेपर्यंत. मग फ्लॉसचा दोरा घ्या, तो सातवीच्या मागे अडकवून दोन्ही टोकं पुढे ओढा आणि वर-खाली पुसा, हिरडीच्या किंचित खालपर्यंत. पहिले काही दिवस रक्त येईल. रक्त आलं म्हणून थांबू नका, तिथे सूज असल्यामुळेच ते येतं. दोन आठवडे नीट करूनही रक्त येतच राहिलं तर दाखवून या.

तंबाखूबद्दल बोलल्याशिवाय हा विषय आपल्याकडे पुरा होत नाही. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण गालात तंबाखूचा बार भरणारे, सकाळी मिश्रीने दात घासणारे आजही घरोघरी भेटतात. बऱ्याच आज्यांना आणि मावशींना मिश्री दात मजबूत करते असं खरंच वाटतं. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. ती हिरड्यांचा रक्तपुरवठा बिघडवते आणि जखम भरण्याची गती मंदावते. सिगारेटचंही तसंच. सुपारी आणि गुटख्याने गालाची आतली त्वचा आखडली, तोंड दोन बोटांहून जास्त उघडेनासं झालं, की सातवीच्या मागे ब्रश नेणंच अशक्य होतं. अशा माणसाने दाढ काढण्याआधी तोंडाच्या त्वचेचीही तपासणी करून घ्यावी.

साखर नियंत्रणात नसेल तर हाड भरणं रेंगाळतं. दाढ काढण्याआधी तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी चाचणी करून डॉक्टरांना दाखवा. हाडं ठिसूळ झाल्यामुळे आठवड्यातून एकदा गोळी किंवा काही महिन्यांनी इंजेक्शन घेत असाल तर तेही न विसरता सांगा. या औषधांमुळे जबड्याचं हाड भरण्याचा प्रश्न वेगळा आणि गंभीर असू शकतो. औषध मात्र स्वतःहून बंद करू नका.

दाढ काढल्यावर तीन महिन्यांनी, मग सहा महिन्यांनी आणि वर्षाने सातवीच्या मागची खोली परत मोजून घ्यावी. तीन महिन्यांच्या आधी प्रोब घालू नये, कोवळा जोड उसवतो. सहा महिन्यांनंतर एक छोटा एक्स-रे. खोली ३-४ वर आली असेल तर नेहमीची स्वच्छता आणि वर्षातून एक-दोनदा तपासणी पुरेशी. ५-६ किंवा जास्त असेल आणि रक्त येत असेल, तर आधी भूल देऊन मुळापर्यंत खोल सफाई करतात आणि दोन-तीन महिन्यांनी परत मोजतात. पुष्कळ पॉकेट एवढ्यावरच आटोक्यात येतात. नाही आली तर हिरडी उघडून सफाई करावी लागते. खळगा खोल, अरुंद आणि तिन्ही बाजूंनी हाड शाबूत असलेला असेल तर त्यात पावडर आणि पडदा वापरून हाड बऱ्यापैकी परत मिळवता येतं. रुंद, उथळ खळग्यात ते जमत नाही, तिथे पॉकेट कमी करून जागा साफ ठेवता येईल अशी करणं हेच उद्दिष्ट असतं. अँटिबायोटिकचा कोर्स घेऊन चार दिवस बरं वाटतं, पण मुळावरचं कीटण तिथेच राहतं. मागच्या बाजूला कीड लागली आहे का हेही प्रत्येक वेळी बघायला सांगा. उघड्या पडलेल्या मुळावर कीड लवकर चढते आणि तिथे फिलिंग करणं अवघड असतं.

हे काम हिरड्यांच्या तज्ज्ञांचं, पेरिओडॉन्टिस्टचं आहे. खाजगीत खर्च झेपत नसेल तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालयं, मुंबईचं नायर दंत महाविद्यालय आणि गोव्यात बांबोळीचं दंत महाविद्यालय इथे हिरड्यांचा स्वतंत्र विभाग आहे. वेळ जास्त जातो, रांगा असतात, पण तपासणी सविस्तर होते. जाताना दाढ काढण्याआधीचा ओपीजी, नंतरचे एक्स-रे आणि डिस्चार्जचा कागद सोबत न्या. फिल्म जुनी झाली की फिकट पडते, म्हणून तिचा खिडकीच्या उजेडात धरून मोबाइलवर फोटो काढून ठेवा. सातवी हलायला लागली आहे आणि कोणी "काढून टाकू, इम्प्लांट बसवू" म्हणालं, तर होकार देण्याआधी हे सगळं घेऊन एकदा पेरिओडॉन्टिस्टचं मत घ्या. इम्प्लांटलाही हाड लागतंच, आणि मागच्या बाजूचं हाड निम्मं उरलेली सातवी योग्य उपचार आणि दर तीन महिन्यांची सफाई यांवर कित्येक वर्षं काम देऊ शकते.